पोचपावती

पंधरा तारीख उलटली की आमच्या संगमेश्वरकडच्या वाडीत बायांचे कान पाणंदीकडे लागत. बाबा मुंबईला कापडगिरणीत विणकर होते. हजारावर कामगार असलेल्या गिरणीत दहा तारखेच्या आत पगार झालाच पाहिजे, असा १९३६ चा कायदा होता. पगार हाती पडला की बाबा परळच्या पोस्टात रांग लावत. तिथून मनिऑर्डर आमच्या ओटीवर यायला चार-पाच दिवस लागत.

पोस्टमनतात्या घाटी चढून घामाघूम झालेले असत. आई आधी गूळपाणी पुढे करी. मग पिशवीतून फॉर्म निघे, शाईची डबी निघे. आईचा अंगठा दोनदा उमटे: एक पोस्टाच्या कागदावर, दुसरा मुंबईला परत जाणाऱ्या पोचपावतीवर. साक्षीला शेजारचे काका सही करत. नोटा दोनदा मोजून झाल्या की तात्या खालचं कूपन फाडून माझ्याकडे देत. त्यावर बाबांच्या दोन ओळी असत. लावणी झाली का, वाण्याचं आधी द्यावं. मी मोठ्याने वाचायचो, आई पदराला हात पुसत ऐकायची.

रुपये सत्तर. दिवेलागणीपर्यंत त्यांचे वाटे पडत. वाण्याच्या वहीत तीस, नांगरणीच्या बैलजोडीचे पंधरा, जुन्या देण्याचे दहा, माझ्या फीचे आणि वह्यांचे पाच. उरलेले दहा तांदळाच्या डब्यात, अडीअडचणीला. शेतात गुंतवायला काही उरलं, असं मी कधी पाहिलं नाही.

टपाल खात्याने १८८० साली मनिऑर्डरची सेवा सुरू केली. पुढे कोकणाला ‘मनिऑर्डरवर जगणारा मुलूख’ म्हणायची रीतच पडली. मला ते अर्धंच खरं वाटतं. बाबा लालबागच्या गाळ्यात पथारीपुरत्या जागेत राहिले आणि खानावळीत जेवले. एकट्या माणसाचं भागेल एवढ्या पगारावर साचेखात्याला विणकर मिळाला, कारण त्याची पोरं वाढवण्याचा भार गावाने उचलला होता. मे महिन्यात आलेले बाबा परत जाताना तांदूळ, कुळीथ, आमसुलं बांधून नेत. एका पावसाळ्यात ते छातीच्या दुखण्याने चार महिने घरी होते. तेव्हा मनिऑर्डर आली नाही. आईने दुसऱ्याच्या शेतावर लावणी केली आणि त्यांना उभं केलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो लांबत गेला आणि बाबा ट्रंक घेऊन कायमचे गावी आले. ट्रंकेत तारेला ओवलेल्या पोचपावत्या होत्या, महिन्यामागून महिना, प्रत्येकीवर आईचा निळा अंगठा. सगळ्यात वरची त्याच जानेवारीतली.

त्या पावत्या अजून माझ्याकडे आहेत. गावाला काय मिळालं, ते त्यांवर पै न् पै लिहिलेलं आहे. गावाने मुंबईला जे दिलं, त्या तांदळाची, त्या चार महिन्यांची, आईच्या लावणीची पोचपावती मात्र कुठल्याच तारेत ओवलेली नाही.