लखोट्यातील कागद

रायपूरचा सदर बाजार हा सोन्याचांदीच्या पेढ्यांचा बाजार. जिनसेइतकेच कागदालाही जपावे लागते, हे अशा बाजाराला सांगावे लागत नाही. करारपत्रे, कराची विवरणे, गिऱ्हाइकांची ओळखपत्रे परक्या हाती पडली, तर होणारे नुकसान तराजूत मोजता येत नाही. पूर्वी असे कागद लखोट्यात घालून त्यावर लाखेची मोहोर उठवीत. ही लाख छत्तीसगडच्या रानांत कुसुम व पळस या झाडांवर होते. आता कागद ई-मेलने जातात; मग मोहोर कोठे उठवावयाची?

याचे एक उत्तर पीडीएफमध्ये आहे. ॲडोबी कंपनीने १९९३ साली प्रसृत केलेला हा प्रकार २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला. पीडीएफ म्हणजे केवळ छापील पान, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तिच्या पोटात हिशेबाचा तक्ता, छायाचित्र अथवा दुसरी पीडीएफ मूळ स्वरूपात ठेवता येते. लिफाफ्याची योजना याच सोयीवर उभी आहे. वरचे पान उघडे असते. त्यावर पाठवणाराचे नाव व आतील कागदांची यादी लिहावी. आतील कागद मात्र कुलूपबंद राहतात.

तथापि, कुलपाचे बळ किल्लीवर अवलंबून असते. ई-आधारच्या पीडीएफचा परवलीचा शब्द नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे व जन्मवर्ष यांचा बनतो. ओळखीच्या माणसाला तो सहज ताडता येतो. म्हणून लिफाफ्यासाठी लांब व अनपेक्षित शब्द निवडावा, आणि तो त्याच ई-मेलमध्ये न लिहिता दूरध्वनीवरून सांगावा. ई-मेलचा विषय व मजकूर लिफाफ्याबाहेरच राहतो, याचेही भान असावे.

आणखी दोन अडचणी आहेत. मोबाइलवरील कित्येक वाचक-प्रणाली पोटातील फाइली दाखवीतच नाहीत. घेणाऱ्याला केवळ वरचे पान दिसते. तेथे दिलेली यादी अशा वेळी उपयोगी पडते. शिवाय ई-मेलने जाताना प्रत्येक तीन बाइटांची चार अक्षरे होतात, त्यामुळे फाइलचा आकार सुमारे एक-तृतीयांशाने फुगतो.

कुलूप गुप्तता राखते; कागद कोणी पाठविला, हे सिद्ध करीत नाही. त्यासाठी डिजिटल सही हवी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने तिला कायद्याची मान्यता दिली आहे. महत्त्वाच्या व्यवहारात पेढीने प्रथम सही करावी आणि मगच लखोटा बंद करावा.