बारा बॉक्स

सकाळी 7:00. कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी. फौंड्रीत शिरताच मामा मूठभर वाळू उचलतात. दाबतात, मधोमध मोडतात. तुकडे सरळ तुटले, म्हणजे पाणी बेताचं आहे, तीन-चार टक्के. तीस वर्षं मोल्डिंग करून मूठच मीटर झाली आहे.

7:20. दाराशी परत आलेला माल पडलाय. बेअरिंग हाउसिंग. मशीनशॉपमध्ये पृष्ठभाग कापताना आत भोकं निघाली. ब्लोहोल. आता तो पुन्हा भट्टीत जाईल. एक टन लोखंड वितळवायला साडेपाचशे ते सहाशे युनिट वीज लागते, ती दुसऱ्यांदा लागेल. मामांची मजुरी वाळूच्या साच्यामागे, म्हणजे बॉक्समागे, 18 रुपये. रिजेक्ट बॉक्सची मिळत नाही.

8:00. वादाला तोंड फुटतं. मामा म्हणतात, "कोअरचा वायू बाहेर पडंना. भोक बगा, कायम एकाच कोपऱ्यात." कोअर म्हणजे मालातली पोकळी राखायला साच्यात बसवलेला वाळूचा ठोकळा. वर्षभरापूर्वी आलेली इंजिनिअर मुलगी मान हलवते. "मामा, मग पहिल्या बॉक्सांत का नाही? शेवटच्यांतच जास्त आहेत. लोखंड गार होतंय." भट्टीवाला उसळतो. "मी चौदाशे पन्नास अंशांना देतोय. मामांची जागा त्या टोकाला. तिथवर जाईस्तोवर गार होणारच की!"

कुणीच हटत नाही. सुपरवायझर खाली बसतो आणि सळईनं वाळूत माशाचा सांगाडा काढतो. ही आकृती जपानच्या काओरू इशिकावांची. तिकडे 1962 साली क्वालिटी सर्कल सुरू झाली, तेव्हापासून कामगार अशीच कारणं मांडत आलेत. एका काट्यावर कोअर, दुसऱ्यावर तापमान, तिसऱ्यावर जागा. तिघांचंही म्हणणं लिहिलं जातं.

8:30. मुलगी सुचवते : बारा बॉक्स करू. सहांच्या कोअरला वायूसाठी भोक, सहांना नाही. दोन्हींतले तीन-तीन आधी ओतायचे, तीन-तीन शेवटी. मग सगळे फोडून बघायचे. मामा गप्प. मग विचारतात, "फोडल्यावर मजुरी?" सुपरवायझर रजिस्टर उघडतो. ट्रायल, 12 बॉक्स, पूर्ण मजुरी, 216 रुपये. खाली सही. मामा बाह्या सरसावतात.

9:15. कोअरशॉप. तेलात मळलेल्या वाळूचे कोअर अजून ओले आहेत. मामा सायकलचा स्पोक आरपार घालून काढतात. कोअर बनवणाऱ्या मावशी हात धरतात. "काढू नका. वरनं काळा रंग लावला की भोक बुजतंय. भाजून, रंग वाळला की मगच काढायचा." हे आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मामा स्पोक परत घालतात. कोअर ओव्हनमध्ये जातात.

12:30. भाकरी, झुणका, कांदा. वाद डब्यावरही चालूच. आवाज मात्र खाली आलाय.

1:15. पॅटर्न, वाळू, ठोकणी. कोअर बसवून बॉक्स बंद. प्रत्येकावर खडूनं आकडा.

2:30. ओतकाम. पायरोमीटरची टिप लॅडलमध्ये बुडते. पहिल्या सहांना 1392. शेवटच्या सहांना 1318. मुलगी आकडे लिहिते. भट्टीवाला खांद्यावरून वाकून बघतो.

4:30. बॉक्स फुटतात. गरम वाळूची वाफ डोळ्यांत जाते.

5:15. माल हात लावण्याइतका निवलाय. मामा घण उचलतात. भोक पाडलेले, आधी ओतलेले : तिन्ही स्वच्छ. भोक पाडलेले, शेवटी ओतलेले : एकात बारीक छिद्र. बिनभोकाचे, आधीचे : एक खराब. बिनभोकाचे, शेवटचे : तिन्ही खराब.

थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग मुलगी म्हणते, "मामा, वायूचं तुमचं बरोबर होतं." मामा तुटलेला तुकडा तिच्या हातात देतात. "गार लोखंडाचं तुमचंबी."

5:40. सुपरवायझर ठरवतो. स्पोक रंग वाळेपर्यंत कोअरमध्येच राहील, मावशींच्या पद्धतीनं. आणि कोअरचे बॉक्स भट्टीजवळ लागतील. म्हणजे मामांनी वीस वर्षांची जागा सोडायची. खिडकीजवळची, वाऱ्याची. भट्टीजवळ उकाडा फार.

मामा भट्टीवाल्याकडे बघतात. "तुझं खरं निघालं, आता पंखा तू बगायचा." तो हसून मान डोलावतो. सुपरवायझर रजिस्टरमध्ये आणखी एक ओळ लिहितो : पंखा, एक.

6:00. मामा ठोकणी, करणी आणि स्पोक पोत्यात गुंडाळतात. पोतं नव्या जागी ठेवतात आणि सायकल काढतात.