'फकिरा' पडद्यावर कुणी पाहिला?

जुन्या, दुर्मीळ चित्रपटांवर जीव टाकणारी माणसे प्रत्येक शहरात असतात. त्यातही कथा-कादंबऱ्यांवरून निघालेले चित्रपट हा त्यांचा आवडता विषय. मराठीची गोष्ट निघाली की यादी ठरलेली असते. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा १९३७चा 'कुंकू', साने गुरुजींच्या पुस्तकावरचा १९५३चा 'श्यामची आई', गो. नी. दांडेकरांचा 'जैत रे जैत', अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा 'सिंहासन'. हे चित्रपट चांगलेच आहेत, त्याबद्दल आमचा वाद नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे, की या यादीत अण्णा भाऊ साठे का नाहीत?

अण्णा भाऊंच्या एक-दोन नव्हे, तर सात कादंबऱ्यांवर मराठी चित्रपट निघाले. १९६१ साली गजानन जागीरदारांनी 'वैजयंता' केला. १९६३ साली 'फकिरा' आला. 'वारणेचा वाघ' त्याच नावाने पडद्यावर आला. शाळेत दीड दिवस टिकलेल्या, मुंबईत सिनेमाच्या पाट्या वाचत अक्षरे पक्की केली असे ज्यांच्याबद्दल सांगितले जाते, त्या लेखकाच्या सात कादंबऱ्या सिनेमावाल्यांना हव्याशा वाटल्या, ही साधी गोष्ट नाही. तरीही रसिकांच्या चर्चेत या सातांपैकी एकाचेही नाव सहसा निघत नाही.

बाकीच्या चित्रपटांची नावे बघा. 'आवडी' ही कादंबरी पडद्यावर 'टिळा लाविते मी रक्ताचा' झाली. 'चिखलातील कमळ'चे 'मुरळी मल्हारीरायाची' झाले. 'अलगूज'चे 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' झाले. आणि 'माकडीचा माळ', ज्यात गावाबाहेर पालं ठोकून राहणाऱ्या भटक्या जमातींचे जगणे आहे, तिचे नाव झाले 'डोंगरची मैना'! तमाशापटांचा तो जमाना होता. नावात मैना असली की तंबूत गर्दी होते, हा हिशेब. बाजाराने अण्णा भाऊंची गोष्ट घेतली, पण पाटीवर त्यांचा माळ ठेवला नाही. पुढे समीक्षकांनी याच पाट्या वाचून हे सगळे 'तमाशापट' म्हणून बाजूला सारले. आधी बाजाराने नाव बदलायचे आणि मग त्याच नावावरून पंडितांनी पायरी ठरवायची, असा हा न्याय!

रसिकांच्या यादीत अस्पृश्य माणूस नाहीच, असे मात्र नाही. शिवराम कारंथांच्या १९३३च्या कादंबरीवर ब. व. कारंथांनी १९७५ साली कन्नडमध्ये 'चोमन दुडी' केला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. चोमाला स्वतःची जमीन कसायची आहे, पण त्याच्या जातीला ती मिळत नाही. शेवटी तो आपले ढोलके बडवीत मरतो. प्रेमचंदांच्या कथेवर सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी 'सद्गती' केला. ओम पुरींचा दुखी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त विचारायला पंडिताकडे जातो. पंडित त्याला लाकूड फोडायला लावतो. उपाशीपोटी घाव घालता घालता दुखी कोसळतो. पंडित त्याचे प्रेत दोरीने ओढून नेतो, कारण हात लावला तर विटाळ! हे चित्रपट प्रामाणिक आहेत. जातीचा निर्दयपणा त्यांनी लपवलेला नाही. प्रत्येक कार्यकर्त्याने ते पाहावेत.

पण चोमा आणि दुखी यांच्यात काय सारखे आहे? दोघेही सोसतात आणि मरतात. प्रेक्षक हळहळतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. आता 'फकिरा' आठवा. जोगणीसाठी आपले शिर देणारा राणोजी आणि त्याचा मुलगा फकिरा. ब्रिटिश सरकारची मांगांना हजेरी लागलेली. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागतात, तेव्हा फकिरा हात जोडून बसत नाही. तो धान्य लुटतो आणि वाटतो, खजिना लुटतो आणि वाटतो. मरण त्यालाही आहे. पण सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतः होऊन समोर जातो. ते मरण त्याने निवडलेले आहे. अशा नायकाची कीव करता येत नाही. त्याच्या बाजूने उभे राहावे लागते, नाही तर त्याच्या विरुद्ध. दयेची सवय लागलेल्या रसिकाला इथेच अडचण होते, असे आमचे मत आहे.

अण्णा भाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ज्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, तो १८७१चा कायदा १९५२ साली रद्द झाला. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी तो फकिरा मराठी पडद्यावर नायक म्हणून आला. हा आपल्या इतिहासाचा पुरावा आहे. आणि पुरावा जपला नाही तर खटला कितीही खरा असो, तो उभा राहत नाही, हे आम्ही वकिलीत रोज पाहतो.

या देशात पुस्तक छापले तर १९५४च्या कायद्यानुसार त्याची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावीच लागते. प्रत्येक चित्रपटाची प्रत संग्रहालयाला देण्याची अशी सक्ती नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयच मुळी १९६४ साली सुरू झाले, म्हणजे 'फकिरा' येऊन गेल्यावर. 'आलम आरा'सारखा देशाचा पहिला बोलपट आज शिल्लक नाही. २००३ साली पुण्यातच आग लागून जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. मोठमोठ्या कंपन्यांच्या चित्रपटांची ही गत, तर तंबूत चालणाऱ्या चित्रपटांची काळजी कोण करणार?

आता कायद्याचा मुद्दा नीट समजून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे 'वैजयंता'चा हक्क २०२१ अखेर संपला आणि 'फकिरा'चा २०२३ अखेर. लेखकाचा हक्क मात्र वेगळा आहे. तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले, म्हणून मूळ कादंबऱ्यांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा किंवा ज्यांच्याकडे तो रीतसर आला त्यांचा आहे. तेव्हा हे चित्रपट लोकांसमोर आणताना त्यांची परवानगी घेणे आणि त्यांचा योग्य तो मोबदला देणे हे आपले कर्तव्य आहे. ज्या लेखकाने चिरागनगरच्या झोपडीत हलाखीत दिवस काढले, त्याच्या शब्दांचा पैसा पुन्हा कुणी बुडवू नये.

आमच्या सूचना साध्या आहेत. माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपये भरून अर्ज करता येतो. चित्रपट संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे. तिथे विचारा: या सात चित्रपटांपैकी कोणत्या प्रती तुमच्याकडे आहेत, कोणत्या स्थितीत आहेत आणि त्यांच्या जतनासाठी काय केले? दुसरे, आपल्या वस्तीतल्या वडीलधाऱ्यांकडे चौकशी करा. कुणाच्या पेटीत गाण्यांची चोपडी असेल, कुणाकडे पोस्टर असेल, कुणी तंबूत बसून 'फकिरा' पाहिला असेल. ते लिहून घ्या, त्याचे फोटो काढून ठेवा. तिसरे, १ ऑगस्टला डीजेवर जो खर्च होतो, त्याचा दहावा हिस्सा काढून विहारात, समाजमंदिरात पडदा लावा. 'सद्गती' दाखवा, 'चोमन दुडी' दाखवा, शेजारी 'फकिरा'तली पाने वाचा आणि तरुण पोरांना फरक विचारा.

सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत अण्णा भाऊंचा पुतळा बसला. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण पुतळा बोलत नाही, चित्रपट बोलतो. दुर्मीळ चित्रपटांची यादी करणाऱ्यांनी अण्णा भाऊंना विसरले म्हणून नुसते रागावून चालणार नाही. आपली यादी आपणच केली पाहिजे, आणि यादीतली रिळे सडून जाण्याआधी शोधलीही पाहिजेत. पहिला अर्ज या आठवड्यातच टाका. जयभीम!