क्रेडिट जमा, पण कोणत्या खात्यावर?

पहाटे 4:50. मार्च म्हणजे टॅक्सचा हंगाम, गजराआधीच जाग येते. इथे न्यू जर्सीत एडिसनला मिट्ट काळोख असतो आणि सांगलीत दुपारचे 2:20, म्हणजे अप्पांची वामकुक्षी संपायची वेळ. अप्पा आयुष्यभर हळदीच्या अडत पेढीवर दिवाणजी होते. कीर्द, खतावणी, तेरीज हे शब्द मी शाळेत जायच्या आधी त्यांच्याकडूनच ऐकले. लग्न झालं आणि माझं बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं, याची खंत माझ्यापेक्षा त्यांना जास्त. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा कॉलेजात जाते, म्हणून रोज विचारतात.

"काय गं, क्रेडिटचं काय झालं?"

"अप्पा, विद्यापीठं साठच्या साठ घ्यायला तयार आहेत."

"घेतील. पण कुठल्या खात्यावर जमा धरणार, ते विचारलंस का?"

6:30. पोळ्या, डबे, लेकीची बस.

8:30. ओक ट्री रोडजवळच्या लहानशा अकाउंटिंग ऑफिसात मी बँकेचे ताळमेळ लावते आणि 1040 फॉर्म भरते. पीटीआयएन नंबर असला की पैसे घेऊन रिटर्न भरता येतं, पदवी लागत नाही. ऑफिसचे मालक आपुलकीनं सांगतात, "ताई, एन्रोल्ड एजंट व्हा. तीन पेपर, पदवीची अट नाही." सल्ला खरा आहे. पण मला ऑडिटमध्ये जायचंय, आणि ऑडिटच्या अहवालावर सही चालते ती सीपीएची. त्यासाठी चार पेपर: तीन सगळ्यांना सारखे आणि 2024 पासून चौथा आपल्या निवडीचा. बॅचलरला साधारण 120 क्रेडिट लागतात, लायसन्ससाठी वर्षानुवर्षं 150 ची अट. ओहायोनं 2025 मध्ये बॅचलर आणि दोन वर्षांच्या अनुभवाचा मार्ग कायद्यानं मान्य केला, तेव्हा माझ्यासारख्या कितीजणींना हायसं वाटलं असेल!

दुपारी 1:00. डबा गाडीत बसून खाते, कारण फोन करायला हीच वेळ. माझ्या वहीत रटगर्सची न्यूअर्क आणि न्यू ब्रन्सविक ही दोन आवारं आहेत, युनियनचं कीन आहे, मॅनहॅटनमधलं बरूक आहे. वयानं मोठ्या विद्यार्थ्यानं आधी नाव बघू नये असं माझं ठाम मत झालंय. आधी वर्गांच्या वेळा बघाव्यात, मग अप्पांचा प्रश्न विचारावा.

पहिल्या सत्रात मी काउंटी कॉलेजात ए.ए.एस. घ्यायला निघाले होते. पदवीच्या नावातच अकाउंटिंग होतं ना! ती पदवी थेट नोकरीसाठी असते हे एका वर्गमैत्रिणीनं वेळेवर सांगितलं. न्यू जर्सीत 2007 चा कायदा आहे: काउंटी कॉलेजची ए.ए. किंवा ए.एस. पूर्ण केली की राज्याच्या सरकारी विद्यापीठांनी ते क्रेडिट मानायचे. मी ए.एस.ला वळले. नदीपलीकडे न्यूयॉर्कात हा कायदा लागू नाही.

पण मानणं वेगळं आणि मेजरमध्ये, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयात, धरणं वेगळं. गेल्या आठवड्यात एका विद्यापीठाचा तक्ता आला. त्यात माझे इंटरमिजिएट अकाउंटिंगचे दोन्ही पेपर 'फ्री इलेक्टिव्ह' म्हणून लावले होते. क्रेडिट सहाच्या सहा जमा, पण मेजरच्या खात्यावर शून्य. हे विषय ते तिसऱ्या वर्षाचे धरतात आणि आपल्याच वर्गात करून घेतात. म्हणजे इंटरमिजिएट एक, मग दोन, मग ऑडिट. एकाशिवाय पुढचा घेता येत नाही. नोकरी सांभाळून सत्राला दोन आणि उन्हाळ्यात एक असे वर्षाला पाच विषय होतात, त्यामुळे उरलेल्या साठ क्रेडिटना तशीही चार वर्षं. त्यात ही साखळी पहिल्या कडीपासून सुरू झाली तर ऑडिटचा वर्ग अख्खं वर्ष पुढे जातो. विशीतल्या मुलाला वर्षाचं काही वाटत नाही. मी पन्नाशीत पोचलेली असेन आणि अप्पांनी नव्वदी गाठलेली असेल.

फोनवरच्या सल्लागार बाई म्हणाल्या, "काळजी करू नका, सगळं ट्रान्सफर होतं." मी विचारलं, "मेजरमध्ये धरता का?" त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "ते अकाउंटिंग विभाग ठरवतो. सिलॅबस पाठवा."

संध्याकाळी 6:30. कॉस्टिंगचा वर्ग. पुढच्या बाकावर मी आणि एक निवृत्त पोस्टमन. बाकीचे आमच्या मुलांच्या वयाचे.

रात्री 9:40. यांनी आमटी गरम करून ठेवलीय. जेवता जेवता विचारतात, "ठरलं का गं?" मी मान हलवते.

10:30. दोन्ही इंटरमिजिएटचे सिलॅबस स्कॅन केले, पुस्तकाचं नाव आणि शिकवलेली प्रकरणं लिहिली. चार विभागांना चार वेगळी पत्रं, प्रश्न मात्र एकच: हे सहा क्रेडिट मेजरमध्ये धरणार की इलेक्टिव्हमध्ये, आणि नसतील धरत तर परीक्षा देऊन धरून घेता येतील का? उत्तर लेखी हवं. चौथं पत्र गेलं तेव्हा सांगलीत सकाळचे 8:25 झाले होते. अप्पांचा चहा झाला असणार. फोन लावला.