वाळवी की भुंगेरा?

मुळशीच्या पावसात भिंती ओल धरतात, आणि वाळवीला ओलच हवी असते. चौकटीलगत पेन्सिलीएवढी मातीची नळी चढलेली दिसली, पहिल्या पावसानंतर दिव्याखाली गळालेले पंख सापडले, तर वाळवी जवळच आहे. नळी खरवडून भागत नाही. मुख्य वस्ती जमिनीत असते. आधी गळती थांबवा, भिंतीला टेकलेलं सरपण हलवा. जोत्याभोवती औषध जाणकाराकडूनच घालून घ्या. जवळ विहीर असेल तर तसं आधीच सांगा.

लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा असेल, तर भुंगेरा. सागाचा पक्का गाभा सहसा वाचतो, बाहेरचा पांढरा भाग जातो. बांबू तर त्याचा आवडता. बांबू बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेलाच घ्या.