फोन कोणी कुणाला करायचा?

मशिन चालवणाऱ्या पीएलसी नियंत्रकातला एक टायमर बदलायचा असतो. काम दोन मिनिटांचं. पण भोसरीतला सर्व्हिस इंजिनिअर त्यासाठी वीसेक किलोमीटरवरच्या चाकणला निघतो आणि पुणे-नाशिक रस्त्यावर तळेगाव चौकाच्या कोंडीत अडकतो. मशिनच्या पॅनलमध्ये मोडेम बसू लागले त्यामागे तंत्रज्ञानाच्या हौसेपेक्षा ही फेरीच जास्त असावी.

मोडेमला हुकूम द्यायची भाषा जुनी. १९८१ साली डेनिस हेज यांच्या कंपनीने ‘स्मार्टमोडेम’ काढला. त्याचे हुकूम ‘एटी’ने सुरू होत. एटी म्हणजे ‘अटेन्शन’, शाळेच्या कवायतीतलं ‘सावधान’! पुढे जीएसएम मोडेमनी हीच भाषा उचलली. आजचं ४जी मॉड्यूलही ती समजतं. जोडणी चालू असताना सेकंदभर गप्प राहायचं, तीन अधिकचिन्हं पाठवायची, पुन्हा सेकंदभर थांबायचं, की मोडेम हुकूम ऐकायला तयार. पण ऐकतो तो आपल्या टेबलावरचा. पलीकडच्याला आपले हुकूम म्हणजे निव्वळ डेटा. तो ते मुकाट मशिनकडे ढकलतो.

यूएस रोबोटिक्सच्या ‘कुरिअर’ मोडेममध्ये यावर तोडगा होता. चार टिल्ड (~) पाठवले की दूरचा मोडेम स्वतः जागा होई आणि पासवर्ड विचारी. मात्र ही सोय मुळात बंद असे. लॉगिनचे किती प्रयत्न चालतील, तो आकडा एस४१ या रजिस्टरमध्ये आधी भरावा लागे. फोन आपोआप उचलण्याची सूचना वेगळी, ती एस० रजिस्टरमध्ये. म्हणजे चाकणची पहिली फेरी काही चुकत नसे.

याच कल्पनेचा शेतावरचा भाऊबंद पुण्यातच जन्मला: संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’. पंपाच्या स्टार्टरला मोबाइल जोडायचा, घरून फोन लावून कोड दाबायचा, पाणी सुरू. रात्रीच्या विजेसाठी बांधावर जाणाऱ्या शेतकऱ्याला एटी-बिटीशी देणंघेणं नव्हतं, आणि नसावंच.

कारखान्यात आता एम२एम, म्हणजे यंत्रायंत्रांतल्या संवादाचं, सिम आलं आहे. जुलै २०१८पासून त्यासाठी १३ आकडी क्रमांकांची योजना आहे. घोटाळा असा, की इंटरनेटवर अनेक सिमकार्डं एकच सार्वजनिक पत्ता वाटून घेतात. बाहेरून थेट ‘फोन’ लागतच नाही. म्हणून आता पॅनलमधला राउटरच बाहेरच्या सर्व्हरला हाक मारतो, व्हीपीएनचा बोगदा उघडतो आणि इंजिनिअर त्यातून आत येतो.

कुणी स्थिर पत्ता घेऊन दार रस्त्यावरच उघडतात. त्यात पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ ठेवला तर काय होतं, ते जुलै २०१७मध्ये दिसलं: बीएसएनएलच्या हजारो ब्रॉडबँड मोडेमना मालवेअरने गाठलं आणि ग्राहकांना मूळचा पासवर्ड बदलायला सांगण्याची वेळ आली. तिथे निदान नुसतं इंटरनेट बंद पडलं. प्रेसमशिन भलत्या वेळी हललं तर बोटं जातात.

त्यामुळे ईवॉनसारख्या राउटरला साधा चावीचा स्विच जोडण्याची सोय असते. चावी फिरल्याशिवाय बाहेरच्याला प्रवेश नाही. एवढी यंत्रणा उभारल्यावर भोसरीतला इंजिनिअर मोबाइल उचलतो आणि चाकणच्या सुपरवायझरला म्हणतो, “साहेब, जरा चावी फिरवता का?”