कार्यालयाचे वीजबिल : नव्या एसीआधी करा या तीन गोष्टी

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, कार्यालयांतील एसीचा आकडा १८ वर येतो आणि वीजबिल फुगते. यंत्रणा बदलण्याचा खर्च टाळूनही ते कमी करता येते.

ऊन बाहेरच अडवा : शेंद्रा येथील 'ऑरिक हॉल' या प्रशासकीय इमारतीचे उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी झाले. तिच्या दर्शनी भागाला जाळी आहे. जाळीमुळे काचेवर थेट पडणारे ऊन कमी होते आणि एसीवरील भार हलका होतो. जुन्या इमारतीत हेच काम बाहेरून लावलेले छज्जे किंवा पडदे करतात.

आकडा २४ वर ठेवा : ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनुसार तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच २०२० पासून स्टार रेटिंगचे नवे एसी सुरू करताच २४ अंशांवर चालतात.

पंख्याचा वेग घटवा : मध्यवर्ती वातानुकूलनात हवा फिरवणारे पंखे अनेकदा दिवसभर पूर्ण वेगाने फिरतात. वेग २० टक्क्यांनी कमी केला, तर त्यांना जवळपास निम्मीच वीज लागते. 'व्हीएफडी' हे उपकरण गरजेनुसार हा वेग बदलते.

एवढे करूनही गारवा कमी पडला, तरच नव्या एसीचा विचार करावा. भार घटल्याने तोही लहान क्षमतेचा पुरतो.